वजन किती आहे?

या आठवड्याचं पत्र कळव्याहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

"ताई, माझं वय ३१. मुलगी पहिलीत गेली आणि दुपार मोकळी मिळायला लागली, म्हणून मार्चमध्ये इन्स्टाग्रामवर दागिन्यांचं पेज सुरू केलं. खणाचे कानातले, टेराकोटाचे सेट, सिल्क थ्रेडच्या बांगड्या, मोत्यांच्या नथी, ऑक्सिडाइज्ड माळा, सगळं स्वतः करते. चार महिन्यांत ७२ पोस्ट टाकल्या, ५४० फॉलोअर्स झाले. ऑर्डर आल्या तीन. एक मावशीची, एक नणंदेची आणि एकच अनोळखी बाईंची. खणाच्या कानातल्यांची जोडी १२० रुपयांना लावलीय, पोस्टेज फ्री. अजून कमी करू का? २,००० रुपयांची जाहिरात करू का? एका इन्फ्लुएन्सरने दोन सेट फुकट मागितलेत, देऊ का? बाकी लोक नुसते प्रश्न विचारतात. परवा नेरुळच्या एका बाईंनी 'वजन किती आहे?' एवढंच विचारलं. असल्या टाइमपासला काय उत्तर द्यायचं? मिस्टर म्हणतात, गणपतीपर्यंत बघ, नाहीतर बंद कर. मला बंद करायचं नाहीये."

तुझ्या वयाची माझी भाची आहे, म्हणून 'तू'च म्हणते.

पत्र वाचून झाल्यावर मी तुझं पेज उघडलं आणि ७२च्या ७२ पोस्ट पाहिल्या. तासभर गेला, पण बरं झालं, कारण तुझ्या हातात काम आहे हे डोळ्यांनी दिसलं. हिरव्या खणाच्या चौकोनी कानातल्यांची कड तू नुसती चिकटवून सोडलेली नाहीस. कापड आत दुमडून बारीक टाक्यांनी बंद केलंयस, मागेही अस्तर लावलंयस. हे मला कळलं ते एका रीलमध्ये. जोडी डबीत ठेवताना तुझ्या हातून ती क्षणभर उलटी झाली, तेवढ्यात. एरवी ७२ पोस्टमध्ये मागची बाजू एकदाही नाही. खणाचे कानातले बाजारात ढिगाने मिळतात, आणि त्यातल्या कितीतरी जोड्यांची कड दोन-चार वेळा घातल्यावर दोरे सोडायला लागते. तुझी सोडणार नाही. आणि हीच गोष्ट तू कुणालाच सांगितलेली नाहीस.

माझ्या मते सगळी अडचण इथे आहे. दर आणि जाहिरात यांच्याकडे नंतर येऊ.

एक काम कर. संध्याकाळी ठाण्यात गोखले रोडला किंवा राम मारुती रोडला एखाद्या कानातल्यांच्या दुकानाशी दहा मिनिटं उभी राहा आणि फक्त बायकांचे हात बघ. जोडी आवडली की बाई आधी ती उचलून तळहातावर घेते आणि हात किंचित वरखाली करते. वजन बघते ती. मग उलटी करते, मागे काय आहे, हुक आहे की फिरकी, टोक बोचरं तर नाही. मग आरशासमोर कानाशी धरते आणि मान वळवते. लटकन मानेपर्यंत येतंय की गालाला टेकतंय, ते बघायचं असतं. मग नखाने मणी हलवून पाहते. आणि सगळ्यात शेवटी, किंमत विचारायच्या आधी किंवा नंतर, "काळं नाही ना पडणार?" एवढं झालं की पैसे.

तुझ्या दुकानात यातलं काहीच होऊ शकत नाही. तिथे गिऱ्हाइकाला हात नाहीत. तिचे हात तुझ्या फोटोंनी आणि तुझ्या दोन ओळींनी व्हायला हवेत. आत्ता तुझ्या फोटोत काय आहे? जोडी, शेजारी सुकलेलं गुलाबाचं फूल, कॉफीचा मग आणि खाली 'हॅण्डमेड विथ लव्ह'. फोटो देखणा आहे. पण तो बघून बाई "छान" म्हणते, हार्ट देते आणि पुढे जाते, कारण तिला जे हाताने कळायचं होतं ते कळलेलंच नसतं.

हे मी अनुभवाने सांगते. मी २२ वर्षं नौपाड्यात हलव्याचे दागिने आणि मोत्यांचं काम करते, गेली काही वर्षं ऑनलाइनही विकते. सुरुवातीला एका मोत्यांच्या नथीचा फोटो मी काळ्या मखमलीवर घेतला होता. अगदी जवळून, मोती न् मोती उठून दिसत होता. डोंबिवलीच्या एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी ती मागवली. पार्सल पोचल्यावर त्यांचा फोन आला, "ताई, ही लहान मुलीची नथ पाठवलीत का?" नथ तीच होती. फोटोत ती भरगच्च दिसली आणि हातात आली ती बोटाच्या पेराएवढी. लग्नाला चार दिवस होते. मी पैसे परत केले, दुसरी मोठी नथ रातोरात गुंफली आणि सकाळच्या लोकलने जाऊन देऊन आले. त्या बाईंचा उतरलेला आवाज अजून माझ्या लक्षात आहे. त्या दिवसापासून माझा एकही दागिना मापाशिवाय पेजवर जात नाही.

तेव्हा प्रत्येक जोडीचे पाच फोटो काढ. कानात घातलेली, बाजूने, हनुवटी आणि खांदा दोन्ही दिसतील अशी. तळहातावर ठेवलेली. उलटी, तुझं अस्तर आणि टाके दिसतील इतक्या जवळून. हुकचा वेगळा. आणि एक १० रुपयांच्या नाण्याशेजारी. ते नाणं २७ मिलिमीटरचं असतं आणि सगळ्यांच्या ओळखीचं असतं, त्यामुळे आकडे न वाचणारीलाही माप कळतं. कानात घालायला मॉडेल लागत नाही. तुझी जाऊ, शेजारीण, तू स्वतः, कुणीही चालेल. गोरा-सावळा सगळा रंग येऊ दे, कारण खण सावळ्या रंगावर कसा दिसतो हेच अर्ध्या बायकांना बघायचं असतं.

उजेडासाठी रिंग लाइट घेऊ नकोस. खणाला एक चमक असते. उभे-आडवे धागे वेगळ्या रंगाचे असले की कापड हलवलं की रंग पालटतो. समोरून झगझगीत दिवा मारला की ती चमक मरते आणि कापड प्लॅस्टिकसारखं दिसतं. खिडकीशी बस, ऊन थेट येत नसेल अशा वेळी, येत असेल तर पांढरं मलमलचं कापड लाव, आणि खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कार्डशीट उभा कर म्हणजे सावली काळीकुट्ट पडणार नाही. पावसाळी सकाळचा उजेड तर या कामाला फार चांगला.

खालच्या ओळींत 'ट्रेडिशनल मीट्स मॉडर्न' काढून टाक आणि लिही: लांबी इतके सेंटीमीटर, एका कानातल्याचं वजन इतके ग्रॅम, हुक कशाचा, कापड कोणतं, भिजलं तर काय होईल, किंमत किती. किंमत स्पष्ट लिही. 'किमतीसाठी डीएम करा' असं लिहिलं की बायकांना वाटतं, तोंड बघून दर सांगणार. मेसेज करायचा संकोच असणाऱ्या कितीतरी जणी तिथूनच परत जातात. नावही त्या शोधतील तसं ठेव. 'आयरा कलेक्शन नंबर १४' असं कुणी शोधत नाही. 'खणाचे कानातले', 'नऊवारीवर घालायचे कानातले', 'मंगळागौरीचे दागिने' असं शोधतात, देवनागरीतही आणि रोमन लिपीतही. दोन्ही लिही.

आता हुक. तुझ्या रीलमध्ये हुक पिवळे आणि पातळ दिसतात, मुंबईत भुलेश्वरच्या बाजारात पाकिटाने मिळतात तसे. कानातल्यांमुळे कान चिघळण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे निकेल, आणि स्वस्त हुकांत ते बऱ्याचदा असतं. कापड कितीही सुंदर असलं तरी संध्याकाळपर्यंत कानाच्या पाळीला खाज सुटली तर ती बाई पुन्हा येणार नाही, आणि का आली नाही हे तुला सांगणारही नाही. तुझ्या त्या एकुलत्या अनोळखी गिऱ्हाइकाचं काय झालं असेल ते मला माहीत नाही, पण तिला एक मेसेज टाकून "कानाला त्रास नाही ना झाला?" एवढं जरूर विचार. सर्जिकल स्टीलचे हुक घे, जोडीमागे काही रुपये जास्त पडतील. ज्यांना तेही चालत नाहीत त्यांच्यासाठी ९२.५ चांदीचे हुक वेगळ्या दराने ठेव. आणि तुझ्या ऑक्सिडाइज्ड माळांखाली 'जर्मन सिल्व्हर' लिहिलंयस, त्याबद्दल सावध राहा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. निकेलची अ‍ॅलर्जी असलेली बाई 'सिल्व्हर' वाचून निर्धास्त होते आणि त्रास तिलाच होतो. असं लिहिणं खोटं नाही, पण समजावून न सांगणं चुकीचं आहे.

पावसाचंही बोलते, कारण श्रावण तोंडावर आहे. आतला पुठ्ठा आणि साधा पांढरा गोंद दमट हवेत फुगतो. तू गोंद कोणता वापरतेस ते कळलं नाही, पण एक जोडी पाण्याच्या हाताने दाबून, रात्रभर न्हाणीघराच्या खिडकीत टांगून सकाळी बघ. कड उचलली असेल तर बेस आणि गोंद बदलल्याशिवाय एकही पार्सल पाठवू नकोस.

यानंतर मला तुला एक नकोसं सांगायचंय. टेराकोटा, सिल्क थ्रेड आणि ऑक्सिडाइज्ड माळा बंद कर. कायमच्या नाही, वर्षभरासाठी. तुझं पेज उघडणाऱ्याला पाच दुकानं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. टेराकोटात तुझा हात अजून बसलेला नाही, सिल्क थ्रेडच्या बांगड्या सगळीकडे मिळतात, माळांमध्ये तुझं काम फक्त ओवण्याचं आहे. खणात मात्र तू वेगळी आहेस. खण आणि मोती, एवढंच ठेव. सहा नमुने, प्रत्येक तीन-चार रंगांत. भुलेश्वरला मण्यांच्या गल्लीत शिरलं की सगळंच घ्यावंसं वाटतं, मला अजून वाटतं, आणि माझ्या कपाटात त्या मोहाचे दोन डबे पडून आहेत. कागदावर लिहून जा आणि लिहिलेलंच घेऊन ये.

दर. अजून कमी करू का, असं विचारलंयस. मी तुझ्याबरोबर हिशोब मांडते. माझ्या अंदाजाने एका जोडीचे खण, बेस, अस्तर, मोती मिळून ३८ रुपये. चांगले हुक ८. डबी, कार्ड, बबल रॅप, पाकीट २२. झाले ६८. तुझ्या १२०मधून ६८ गेले की उरतात ५२, आणि त्यातून पोस्टेज तू भरतेस. म्हणजे ५० मिनिटं डोळे बारीक करून टाके घातल्याचे तुला जवळजवळ शून्य रुपये मिळतात. असं दुकान ऑर्डर आल्या तर आणखी लवकर बंद पडेल, कारण तू थकशील.

आपल्या वेळेला तासाला १०० रुपये तरी धर. ५० मिनिटांचे ८३. एकूण १५१. बिघडलेले तुकडे, मस्जिद स्टेशनपर्यंतचं तिकीट, फोटोचा वेळ, यांसाठी वर पंधरा टक्के घाल, १७४च्या आसपास गेलं. त्यावर धंद्यासाठी काही उरायला हवं, नवीन खण घ्यायला, एखादी जोडी बदलून द्यायला. २५० रुपये लाव, पोस्टेज वेगळं. दोन जोड्यांच्या वर घेतल्या तर पोस्टेज तू भर, मग ते परवडतं. २५०ला कोण घेईल, असं तुझ्या मनात आलं असेल. १२०ची जोडी बघून लोकांना वाटतं, यंत्रावर निघालेला माल असेल. मागची शिवण दाखव, मग २५० बोल. जी फक्त स्वस्त बघते तिला तुझ्यापेक्षा स्वस्त कुठेतरी मिळणारच आहे; तिच्यासाठी तू हे काम करत नाहीस.

पहिल्या ऑर्डर कुठून येणार? इन्स्टाग्रामवरच्या अनोळखी गर्दीतून नाही. पहिल्या दहा-पंधरा ऑर्डर माणसं ओळखून, एकेक करून मिळवाव्या लागतात. मावशी आणि नणंद यांच्या ऑर्डर तू मोजत नाहीस असं पत्रावरून वाटलं. मी मोजते. त्या दोघी ते कानातले घालून कुठे गेल्या? कुणी विचारलं का, कुठून घेतले? त्यांचा कानात घातलेला फोटो माग, त्यांच्या परवानगीने टाक. आणि प्रत्येकीला तुझं कार्ड दे. चार कार्डं, नाव आणि व्हॉट्सअ‍ॅप नंबर असलेली, पर्समध्ये राहतील एवढी छोटी.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, आजच घाल, त्यात कॅटलॉग करता येतो: फोटो, किंमत, वर्णन, एका लिंकवर सगळं. आपल्याकडे चाळिशीच्या वरच्या बायका इन्स्टाग्रामवर बघतात पण घेतात व्हॉट्सअ‍ॅपवर. सोसायटीचा ग्रुप, शाळेतल्या आयांचा ग्रुप, भिशीचा ग्रुप. रोज फोटो टाकून त्रास देऊ नकोस. आठवड्याला एकदा, एकच नवी जोडी, पाच फोटो आणि किंमत. मुलीच्या शाळेत पालकसभेला जाताना स्वतःच्या कानात घालून जा आणि दोन जोड्या पर्समध्ये ठेव.

पण माझी सगळ्यात मोठी आशा श्रावणावर आहे. हलव्याचे दागिने मी इतकी वर्षं विकते, त्यात जाहिरातीवर एक रुपया घातला नाही, कारण त्या दागिन्यांना तारीख आहे. नव्या सुनेची पहिली संक्रांत, बाळाचं बोरनहाण. डिसेंबरच्या मध्यापासून फोन सुरू होतात, रथसप्तमी झाली की बंद. बाईला दागिना हवा असतो त्यापेक्षा कितीतरी जास्त तिला त्या दिवसासाठी काहीतरी हवं असतं. खणाला असे दिवस भरपूर आहेत. श्रावणातले मंगळवार आधी धर. ठाणे, कळवा, डोंबिवली, सगळीकडे मंगळागौरीचे खेळ करणारे बायकांचे ग्रुप आहेत, दहा-दहा, पंधरा-पंधरा जणींचे, नऊवारी एकसारखी. फुगडी, झिम्मा, पिंगा घालताना जड झुमके कान ओढतात, निसटून पडतात. तुझे खणाचे कानातले हलके आहेत. एका ग्रुपच्या प्रमुख बाईंना गाठ, साडीच्या काठाला जुळणारी एक जोडी करून त्यांच्या हातात दे आणि सांग, ही घालून एकदा सराव करा, आवडली तर सगळ्यांच्या करून देते. अशी एक ऑर्डर म्हणजे एकदम पंधरा जोड्या, आणि ती प्रत्येक मंगळवारी वेगळ्या घरी तीस-चाळीस बायकांसमोर नाचणार.

नवरात्राचे नऊ रंग आहेत, ऑफिसला जाणाऱ्या बायका ते निगुतीने पाळतात. नऊ जोड्यांचा संच कर, सुटी जोडीही ठेव. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला कौपिनेश्वरापाशी सकाळी नऊवारीतल्या दुचाकीवाल्या मुली जमतात, ढोल-पथकं येतात. त्यांना हलकी आणि घट्ट बसणारी नथ लागते, चापाची, ती तू करतेसच. आणि संक्रांतीचं वाण. तिळगुळाबरोबर पंचवीस-तीस जणींना देता येईल असं खणाचं छोटं काहीतरी, ५०-६० रुपयांत बसणारं, केसांची क्लिप किंवा साडीपिन. वाणाची ऑर्डर एकदा आली की ती बाई दर वर्षी येते. नोव्हेंबरमध्ये नमुना तयार ठेव.

जमलं तर गणपतीआधी एका प्रदर्शनात अर्धा स्टॉल घे, मैत्रिणीबरोबर वाटून. ठाण्यात छोट्या हॉलमध्ये अशी प्रदर्शनं होतच असतात, तिकडे बेलापूरला सिडकोचं अर्बन हाट आहे. भाडं विचारून, किती जोड्या विकल्या तर ते निघेल याचा हिशोब करून मगच जा. विक्री कमी झाली तरी बायका कोणती जोडी उचलतात, कोणती उचलून परत ठेवतात आणि ठेवताना काय बोलतात, ते वहीत लिही. ती वही तुला पुढच्या सहा महिन्यांचे नमुने सांगेल.

जाहिरात आत्ता नको. पेज तयार नसताना २,००० रुपये घातले की हार्टच वाढतील, ते तुझ्याकडे पुष्कळ आहेत. दहा अनोळखी बायकांनी घेतल्यावर, त्यांच्यातल्या सर्वांत खपलेल्या जोडीवर ५०० रुपये लाव, फक्त ठाणे-नवी मुंबई-मुंबईसाठी, आणि प्रमोट करताना 'मेसेज यावेत' हा पर्याय निवड. इन्फ्लुएन्सरला नाही म्हण. दोन सेटच्या किमतीत मंगळागौरीच्या दोन ग्रुपना नमुना जातो.

पैशांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घाल. नव्या दुकानदारांना फोन येतात: मोठी ऑर्डर आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की ते पैसे तुझ्या खात्यातून जाणार. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवला तरी खात्यात जमा झाल्याचं स्वतः बघितल्याशिवाय पार्सल टाकू नकोस. फसगत झालीच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. उशीर झाला की पैसे अडवणं कठीण जातं.

कागदपत्रांचं घाबरू नकोस. महाराष्ट्रात वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल तर जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर नोंदणीशिवाय विकायची सोय १ ऑक्टोबर २०२३ पासून झाली, पण ती आपल्याच राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी करून. राज्याबाहेर पाठवायला लागलीस की नियम बदलतात, हाताने केलेल्या वस्तूंना त्यात सवलतही आहे. त्या वेळी एकदा सीएला विचार. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नकोस.

मिस्टरांचं म्हणणं मला वावगं वाटत नाही. घरातलं कुणी मुदत घालतं तेव्हा त्यात काळजी असते. त्यांच्यासमोर हिशोबाची वही ठेव: आजपर्यंत साहित्यावर किती गेले, किती आले, आणि गणपतीपर्यंत तू नेमकं काय करणार आहेस. फॉलोअर्सचा आकडा त्यात लिहू नकोस. पंधरा जोड्यांची एक ऑर्डर आणि पाच अनोळखी गिऱ्हाइकं, एवढं ठरवून घे. तेवढं माणूस दोन महिन्यांत करू शकतं, आणि तू करशील असं तुझी शिवण बघून मला वाटतं.

आता नेरुळच्या त्या बाई. त्या टाइमपास करत नव्हत्या. दुकानात असत्या तर त्यांनी तुझी जोडी तळहातावर घेऊन हात वरखाली केला असता. हात नव्हता म्हणून त्यांनी शब्दांत विचारलं. कदाचित त्यांच्या कानाची पाळी ओघळलेली असेल, जड काही चालत नसेल. ७२ पोस्टमध्ये तुझ्याकडे आलेला तो सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि तो विचारणारी बाई पाकिटात हात घालून उभी होती.

घरी काटा नसेल तर उद्या सकाळी मुलीला शाळेत सोडून ती हिरव्या खणाची जोडी घेऊन ओळखीच्या सोनाराकडे जा. ते एका मिनिटात वजन करून देतील, दशांशासकट. एका कानातल्याचं वेगळं, जोडीचं वेगळं. काट्यावर ठेवलेलीचा, आकडा दिसेल असा फोटो काढ, तळहातावरचा एक काढ, मागच्या शिवणीचा एक काढ. आणि तिथूनच त्या बाईंना पाठव: उत्तराला उशीर झाला, माफ करा, वजन इतकं आहे.